साखरपुड्याची अंगठी: धातू आणि कोंदण कसं ठरलं (रत्नागिरीतलं एक प्रकरण)

पार्श्वभूमी

रत्नागिरीतल्या आमच्या सराफी पेढीवर आलेल्या एका ऑर्डरची ही हकीकत आहे. नावं बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. मुलीला स्नेहल म्हणू, मुलाला प्रसाद.

स्नेहल रत्नागिरीची. मासळी प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते. अर्धा वेळ प्रयोगशाळेत हातमोजे घालून, अर्धा वेळ बर्फातल्या माकूल आणि बळ्याच्या ट्रेंमधून फिरत. प्रसाद देवगडकडचा, घरची हापूसची बाग बघतो. लग्न ठरलं आषाढात. साखरपुडा तुळशीचं लग्न झाल्यावर मार्गशीर्षात करायचा ठरला, त्यामुळे हाताशी भरपूर वेळ होता. अशा ऑर्डरीत एवढा वेळ क्वचित मिळतो.

पहिल्यांदा पेढीवर आले ते प्रसाद आणि त्याची आई. स्नेहल आली नव्हती. तिने फोनवर एक फोटो पाठवला होता: पांढऱ्या धातूची नाजूक अंगठी, सहा काट्यांवर उंच उचललेला एकच हिरा. ही घडण १८८६ साली न्यूयॉर्कच्या टिफनीने बाजारात आणली आणि आज जगभर साखरपुड्याची अंगठी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हीच येते. काकूंनी पिशवीतून रुमालात बांधलेली एक पाटली काढून काचेवर ठेवली. सासूबाईंकडून त्यांच्याकडे आलेल्या जोडीतली ती एक होती. तिच्यातूनच अंगठी व्हावी, आणि ती पिवळीच असावी, असं त्यांचं म्हणणं. "पांढरी मुदी बघून लोक इचारतले, चांदीची घातलास काय?" खर्चाची मर्यादा हिऱ्यासकट एक लाखाच्या आतली होती.

अडचण कुठे होती

वरवर पाहता हा पांढरं की पिवळं एवढाच वाद होता. प्रसादलाही तसंच वाटत होतं आणि आम्ही मध्यस्थी करून काहीतरी मधलं काढू अशी त्याची अपेक्षा होती. पण अंगठीच्या बाबतीत माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: ही घालणारी व्यक्ती दिवसभर हाताने काय करते? हार, कुडी, नथ सणासुदीला निघतात आणि पुन्हा डब्यात जातात. साखरपुड्याची अंगठी मात्र रोज हातात राहते. पाणी, साबण, दाराच्या कड्या, स्कूटरचं हँडल, सगळं तिला सोसावं लागतं.

म्हणून मी प्रसादला सांगितलं की स्नेहल स्वतः आल्याशिवाय काहीच ठरवू नका. काकूंना हे थोडं खटकलं, कारण अंगठी मुलाकडून जाते, मुलीने येऊन निवडायची रीत त्यांच्याकडे नव्हती. तरी त्यांनी मान्य केलं. पुढच्या रविवारी स्नेहल आली आणि तिच्याशी बोलताना तीन गोष्टी कळल्या. फोटोतून त्या कळणं शक्य नव्हतं.

पहिली गोष्ट, कारखान्यात शिरताना आणि कामाच्या मधे क्लोरीन घातलेल्या पाण्यात हात बुडवावे लागतात. घरीही विहिरीच्या पाण्यात पावसाळ्यात ब्लीचिंग पावडर पडते आणि पायऱ्यांवरचं शेवाळ घासायलाही तीच पावडर वापरतात. दुसरी, बाजारातले खोट्या धातूचे कानातले घातले की तिच्या कानाच्या पाळ्या लाल होऊन खाजतात. तिसरी गोष्ट तिने बोलता बोलता सांगितली: प्रयोगशाळेतले पातळ हातमोजे मैत्रिणीच्या खड्याच्या अंगठीने दोनदा फाटले होते.

कामाच्या जागी मासळी हाताळताना दागिना घालायला परवानगीच नाही. अन्नसुरक्षेच्या नियमांतच तसं आहे. पण प्रयोगशाळेत बसताना आणि घरी अंगठी बोटातच असावी असं तिला वाटत होतं. "कपाटात ठेवायची असेल तर मग साधी वेढणी घेते, काका," ती म्हणाली.

समोर असलेले पर्याय

*अठरा कॅरेटचं पांढरं सोनं, सहा काटे.* फोटोतली अंगठी हीच. पांढरं सोनं खाणीतून पांढरं निघत नाही. ७५ टक्के सोन्यात निकेल किंवा पॅलेडियम मिसळून त्याचा पिवळेपणा मारतात, तरी थोडी पिवळसर-राखाडी झाक राहतेच. ती झाकायला वर ऱ्होडियमचा मुलामा देतात. रोजच्या वापरात तो झिजतो आणि पुन्हा द्यावा लागतो. निकेलचं मिश्रण असेल तर ज्यांना निकेल सोसत नाही त्यांच्या बोटाला खाज सुटते. स्नेहलच्या कानाची तक्रार त्याच दिशेने बोट दाखवत होती. शिवाय क्लोरीन सोन्यातल्या मिसळीच्या धातूंवर हल्ला करतं. निकेलच्या पांढऱ्या सोन्याचे बारीक काटे ताणाखाली असतात, तिथे केसासारख्या भेगा पडतात आणि एक दिवस काटा अचानक तुटतो. काटा तुटला की हिरा कधी पडला ते कळतही नाही.

पॅलेडियमचं पांढरं सोनं घेतलं तर खाजेचा प्रश्न सुटतो. पण ते महाग पडतं आणि मुलाम्याचा प्रश्न राहतोच.

*प्लॅटिनम.* स्नेहलला हे ऐकून आनंद झाला, आणि खरंच, धातू म्हणून तिच्या हातासाठी यापेक्षा चांगलं काही नाही. दागिन्यात ते साधारण ९५ टक्के शुद्ध असतं, आतून पीटी ९५० असा शिक्का असतो. ते काळं पडत नाही, क्लोरीनला दाद देत नाही, निकेलचा संबंध नाही, मुलामा लागत नाही. ओरखडा पडला तर धातू खरवडून निघून न जाता बाजूला सरकतो, त्यामुळे काटे वर्षानुवर्षं टिकतात. त्याच मापाची अंगठी अठरा कॅरेट सोन्यापेक्षा वजनाला साधारण तिसऱ्या हिश्श्याने जास्त भरते, ते वजनही काहींना आवडतं.

अडचण आहे दुरुस्तीची. सोनं १०६४ अंश सेल्सियसला वितळतं, प्लॅटिनम १७६८ अंशाला. आमच्याकडच्या कारागिराची फुंकणी, डाग (म्हणजे सांधे जोडायचा धातू), मूस हे सगळं सोन्याचांदीच्या हिशेबाने असतं. प्लॅटिनमची अंगठी एक नंबर मोठी करायची म्हटली तरी कोल्हापूर किंवा मुंबई. पावसाळ्यात आंबा घाटाचा भरवसा नसतो, आणि साखरपुड्याची अंगठी कुरिअरने पाठवायला कोणाचंही मन होत नाही. पुढे मोडायची वेळ आली तर देवगडात किंवा रत्नागिरीत प्लॅटिनमला सोन्यासारखा भाव देणारा सहज मिळत नाही, हेही काकूंनी लगेच ओळखलं.

*बावीस कॅरेटचं पिवळं सोनं, घरच्या पाटलीतून.* ९१६ शुद्धतेचं सोनं आपल्याकडे घरोघरी आहे आणि त्यात भावना गुंतलेली असते. पण ते मऊ असतं. बांगडी, पाटली, साधी वेढणी यांना चालतं. काट्यांवर हिरा धरायला मात्र ते बरं नाही, काटे वाकतात आणि उघडतात. सलग कडेच्या कोंदणाला चालू शकतं, पण तीही रोजच्या ठोक्यांनी दबते.

*अठरा कॅरेटचं पिवळं सोनं.* ७५ टक्के सोनं, बाकी चांदी आणि तांबं. निकेल नाही, मुलामा नाही, बावीसपेक्षा कणखर. कोणत्याही चांगल्या सोनाराकडे दुरुस्त होतं. काकूंच्या दृष्टीने बावीसपेक्षा कमी कसाचं, स्नेहलच्या दृष्टीने पिवळं. म्हणजे पहिल्या दिवशी दोघींनाही नको असलेला पर्याय हाच होता.

निर्णय कसे होत गेले

सगळ्यात अवघड वळण धातूचं नव्हतं. व्यवहाराचा विचार पुढे करून स्नेहलची आवड बाजूला टाकणं फार सोपं होतं. काकूंना पिवळं हवंय, आम्हालाही पिवळं सोयीचं, मग तिला समजावू, असं होऊ शकलं असतं. अशा वेळी मुली गप्प बसतात. पुढे ती अंगठी बोटापेक्षा कपाटात जास्त राहते. म्हणून मी तिला काकूंसमोरच विचारलं, पांढरं का हवंय? उत्तर यायला वेळ लागला. घरातलं सगळं सोनं गर्द पिवळं, लग्नात दिसणारं, तिच्या रोजच्या साध्या कपड्यांवर ते उठून दिसतं आणि तिला तेच नको होतं. म्हणजे तिचा हट्ट पांढऱ्या रंगाचा नव्हताच. तिला शांत दिसणारा दागिना हवा होता.

हे कळल्यावर एक वाट सापडली. अठरा कॅरेटच्या उरलेल्या २५ टक्क्यांत चांदी आणि तांबं किती, यावर सोन्याचा रंग ठरतो. तांबं वाढलं की सोनं तांबूस होतं, चांदी वाढली की फिकट. शंभरात १६ भाग चांदी आणि ९ भाग तांबं असं मिश्रण घेतलं की सोनं फिकट, लिंबाच्या सालीकडे झुकणारं दिसतं. आमच्या कारागिराने, अण्णांनी, एक छोटी पट्टी ओतून दाखवली. बावीस कॅरेटच्या बांगडीशेजारी ती ठेवल्यावर फरक लगेच दिसला. स्नेहलने पट्टी हातावर ठेवली, खिडकीशी नेली, परत आणली. "हे चालेल," म्हणाली. काकूंनीही ती पाहिली. पिवळी आहे एवढं त्यांना पुरेसं होतं. कॅरेटबद्दल त्यांची शंका मात्र राहिली होती.

ती शंका आकड्यांनी मिटली. चार ग्रॅम बावीस कॅरेटमध्ये ३.६६ ग्रॅम शुद्ध सोनं असतं. तेवढ्याच शुद्ध सोन्याची अठरा कॅरेटची अंगठी केली तर तिचं वजन ४.८८ ग्रॅम भरतं. सोनं कुठे जात नाही, त्यात चांदीतांबं मिसळलं जातं आणि भाव शुद्ध सोन्याचाच धरला जातो. काकूंनी हा हिशेब कागदावर मागून घेतला, घडी घालून पर्समध्ये ठेवला.

घडणीचा निर्णय त्यामानाने लवकर झाला, पण तो नुसता बोलून झाला नाही. अण्णांनी पितळेच्या दोन साध्या अंगठ्या केल्या आणि त्यांत काचेचे खडे बसवले. एक सहा काट्यांची, उंच. दुसरी कोंदणाची, म्हणजे खड्याभोवती धातूची सलग कड असलेली, बोटाला टेकून बसणारी. दोन्ही आठवडाभर घरी घालून बघ, असं तिला सांगितलं. काट्यांची अंगठी दुसऱ्याच दिवशी ओढणीत अडकली, पीठ मळताना काट्यांखाली कणीक गेली, आणि एका हातमोज्याला टोक लागलं. कोंदणाची अंगठी बोटात आहे हेच ती विसरून गेली. पितळेचे चार पैसे आणि अण्णांची अर्धी दुपार एवढ्यात जे कळलं ते दुकानातल्या काचेसमोर बसून कधीच कळलं नसतं.

कोंदणाबद्दल लोकांना दोन शंका असतात. एक, कडेने झाकल्यामुळे हिरा कमी चमकेल. गोल ब्रिलियंट घाटाच्या हिऱ्यात प्रकाश मुख्यतः वरच्या सपाट भागातून शिरतो आणि तिथूनच परत येतो, त्यामुळे बाजूची कड फार काही हिरावून घेत नाही. दुसरी, हिरा लहान दिसेल. तीस सेंटचा, म्हणजे ०.३० कॅरेट वजनाचा गोल हिरा व्यासाला साधारण ४.३ मिलिमीटर असतो. भोवती अर्ध्या मिलिमीटरची चकचकीत कड आली की लांबून पाहणाऱ्याला तो उलट मोठाच भासतो. हिरा सगळ्यांत कठीण असला तरी न फुटणारा नाही. कडेवर नेमका ठोका बसला तर टवका उडतो, आणि कोंदण नेमकी तीच कड झाकून ठेवतं.

एका गोष्टीवर मी अडून बसलो. कोंदण मागून बंद ठेवायचं नाही. हिऱ्याला तेलाचं फार आकर्षण. खाणींत खडीतून हिरे वेगळे काढायला चरबी फासलेले पट्टे वापरतात ते याच गुणामुळे. मासळीचं तेल, खोबरेल, साबणाचा थर, सगळं हिऱ्याच्या पाठीला चिकटतं आणि हिरा काचेसारखा मुका दिसू लागतो. मागची बाजू उघडी असेल तर मऊ ब्रश आत जातो. बंद असेल तर दर वेळी सोनाराकडे यावं लागतं.

हिऱ्याचा रंगही याच ओघात ठरला. पिवळ्या सोन्याच्या कडेत अगदी रंगहीन, वरच्या श्रेणीचा हिरा बसवून उपयोग नसतो, कडेची झाक त्यात उतरतेच. म्हणून रंगाची श्रेणी थोडी खाली घेतली आणि वाचलेले पैसे चांगल्या पैलूंच्या घाटावर लावले. प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्याचाही विचार झाला. तो रसायनाने आणि कठीणपणाने खाणीतल्या हिऱ्यासारखाच असतो, किमतीला बराच स्वस्त, पण परत विकताना त्याला फारसा भाव येत नाही. काकूंनी खाणीतलाच हवा म्हटलं. हिरा लाभतो की नाही हे त्यांनी त्यांच्या गुरुजींना विचारून घेतलं होतं. त्यावर मी काही बोललो नाही, ते त्यांच्या घरचं.

पाटलीचं काय झालं

पाटली वितळवू नका, असं मी काकूंना स्पष्ट सांगितलं. जोडीतली एक पाटली गेली की दुसरीचा जीव जातो. ती एकटी कोणी घालत नाही, आणि पुढच्या पिढीला जोडी म्हणून काही उरत नाही. घरात तुटकी चेन, झिजलेली वेढणी, एका कानातलं हरवलेलं काही असेल तर ते आणा.

त्या आठवड्याभराने आल्या. रुमालात त्यांच्या सासूबाईंची झिजून पातळ झालेली वेढणी होती आणि प्रसादच्या बारशातली तुटलेली साखळी. दोन्ही मिळून ५.२० ग्रॅम. आधी वितळवलं, मग कस तपासला. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण एक्स-रे यंत्र फक्त वरचा थर वाचतं, आणि जुन्या साखळीत प्रत्येक कडीला डाग असतो. कस निघाला ८८ टक्के. बावीस म्हणून घेतलेल्या जुन्या साखळीच्या मानाने हे नवल नाही. पूर्वी डागात कॅडमियम वापरत, बाजारात केडीएम म्हणतात ते हेच. त्याची वाफ कारागिराच्या फुप्फुसांना घातक असते. अण्णांच्या पिढीने ती ओढली आहे. आता कॅडमियमचा डाग आम्ही हातात घेत नाही.

शुद्ध करून हाती साडेचार ग्रॅमच्या आसपास सोनं आलं. अंगठीत निव्वळ सोनं गेलं ४.१० ग्रॅम अठरा कॅरेट, म्हणजे शुद्ध तीन ग्रॅमच्या थोडं वर. उरलेलं प्रसादच्या अंगठीच्या खात्यात जमा केलं. काकूंच्या सासूबाईंची वेढणी नातसुनेच्या बोटात गेली, आणि पाटल्यांची जोडीही शाबूत राहिली.

प्रत्यक्ष काम

माप घेताना स्नेहलला संध्याकाळी, घरून बोलावलं. बर्फात काम करून आलेल्या हाताचं बोट आखडलेलं असतं. त्या मापाची अंगठी मे महिन्यातल्या दमट दुपारी निघत नाही. तिच्या दोन वेळच्या मापांत जवळपास दीड नंबराचा फरक पडला. ऊबदार हाताचं माप धरलं आणि कड्याच्या आतून, तळाशी, सोन्याचे दोन बारीक दाणे लावले, म्हणजे पावसात स्कूटरवर बोट आखडलं तरी अंगठी फिरणार नाही आणि घसरणार नाही.

हिरा बसवण्याआधी दोन्ही घरच्यांना बोलावलं. प्रमाणपत्राचा क्रमांक हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे त्याच्या सगळ्यांत रुंद कडेवर, लेझरने इतका बारीक कोरलेला असतो की तो भिंगाखालीच दिसतो. कोंदणात हिरा बसला की ती कमर झाकली जाते आणि मग तो क्रमांक कोणालाच वाचता येत नाही. म्हणून सुटा हिरा असतानाच काकूंनी, स्नेहलने आणि तिच्या वडिलांनी भिंगातून क्रमांक वाचला, प्रमाणपत्राशी ताडून पाहिला, आणि प्रसादने फोटो काढून ठेवला. कोंदणाची अंगठी घेणाऱ्या कोणालाही मी हे करायला सांगेन. बसवलेल्या हिऱ्याचं वजनही नंतर नीट करता येत नाही.

हॉलमार्कची खूण कड्याच्या आत, पण खांद्याकडे घेतली. पुढे अंगठी लहानमोठी करायची झाली तर कडं तळाशी कापतात, आणि नेमकी तिथेच खूण असेल तर ती जाते. १ एप्रिल २०२३ पासून तीन खुणांचा हॉलमार्क चालतो: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता (इथे १८के७५०) आणि अक्षरं-अंक मिळून सहा जागांचा एचयूआयडी, म्हणजे त्या एका दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक. स्नेहलने तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून पेढीतच पाहिला. बिलावर निव्वळ सोन्याचं वजन, हिऱ्याचं वजन, घडणावळ आणि जीएसटी वेगवेगळे लिहिले. तीस सेंटचा हिरा म्हणजे ०.०६ ग्रॅम. आकडा लहान आहे, पण खड्याचं वजन सोन्याच्या भावाने लावलं जाऊ नये म्हणून तो वेगळा दिसायलाच हवा.

प्रसादच्या अंगठीला फार वेळ लागला नाही. त्याला इंटरनेटवर पाहिलेली काळी टंगस्टनची हवी होती. ती लहानमोठी करता येत नाही. त्याने अठरा कॅरेटचं साधं गोल कडं घेतलं. बागेत मोहरावर भुरीसाठी गंधकाची फवारणी होते. गंधकाने चांदी-तांबं काळवंडतं, कमी कॅरेटचं सोनं जास्त. अठराला ते पुसून निघतं. पण खरी काळजी वेगळी होती. झाडावरून उतरताना अंगठी फांदीत किंवा शिडीच्या खिळ्यात अडकली आणि अंगाचं वजन तिच्यावर आलं तर बोटाची कातडी सोलून निघते, कधी बोटच जातं. बोटींवर काम करणाऱ्यांनाही हाच धोका. म्हणून बागेत जाताना अंगठी घरी, हे मी त्याच्याकडून काकूंसमोर कबूल करून घेतलं.

काय निष्पन्न झालं

साखरपुडा ठरल्याप्रमाणे मार्गशीर्षात झाला. अंगठी आठ दिवस आधी तयार होती.

लग्नानंतरच्या पावसाळ्यात स्नेहल माहेरी आली होती तेव्हा पेढीवर आली. हिरा मंद झाला होता. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब आणि मऊ ब्रश, मागच्या उघड्या बाजूने, एवढ्याने तो पुन्हा उजळला, आणि हे घरीच कसं करायचं तेही तिला दाखवलं. कोंदणाच्या कडेला एका जागी खाच पडली होती. देवगडच्या घरी विहिरीच्या पंपाची खटकी ओढताना लागली असावी. तिथे कड किंचित उचललेली होती. हिरा हलत नव्हता, त्याला टवकाही नव्हता. अण्णांनी ओपणीने, म्हणजे धातू दाबून घासायच्या हत्याराने, ती कड दाबून घेतली, थोडं पॉलिश केलं. चहा येईपर्यंत काम झालं होतं. तोच ठोका सहा काट्यांच्या अंगठीला बसला असता तर बहुधा काटा गेला असता. आणि कोंदण प्लॅटिनमचं असतं तर कड दाबायलाही कोल्हापूर गाठावं लागलं असतं.

बोटाला खाज नाही, काळा डाग नाही. हातमोजे फाटत नाहीत. शिफ्टच्या दिवशी प्रक्रिया विभागात काम असेल तर अंगठी ती घरीच ठेवते, लॉकरमध्ये नाही. देवघराच्या फळीवर एक झाकणाची डबी आहे, तिच्यात. काकूंनीच ती जागा ठरवून दिली आहे. बागेच्या दिवशी प्रसादची अंगठीही त्याच डबीत असते.

वेगळं काय करता आलं असतं

स्नेहल पहिल्याच दिवशी आली असती तर सगळं जास्त सरळ झालं असतं. अंगठी मुलाकडून जाते ही रीत राहू द्यावी, पण बोट मुलीचं असतं. मुलीच्या कामाबद्दल आणि कातडीबद्दल दोन प्रश्न मुलाकडच्यांनी आधीच विचारून यावेत. खोट्या दागिन्याने कान लाल होतात का, एवढा एक प्रश्न पांढऱ्या सोन्याचा अर्धा विचार तिथेच मिटवतो.

मंगळसूत्राच्या वाट्या आणि लग्नातली वेढणी यांचा विचार अंगठीबरोबरच व्हायला हवा होता. आता स्नेहलकडे फिकट अठरा कॅरेटची अंगठी आहे आणि बाकीचं बावीसचं गर्द पिवळं. त्याच बोटात दोन्ही घातली तर कठीण धातू मऊ धातूला झिजवतो. तिने वेढणी दुसऱ्या हातात घालायला सुरुवात केली आहे. आधी बोललो असतो तर वेढणीही अठराची, त्याच मिश्रणाची करता आली असती.

प्लॅटिनमबद्दल माझं मत या एका प्रकरणापुरतं आहे. हीच मुलगी ठाण्यात किंवा पुण्यात राहणारी असती, प्लॅटिनमचं काम करणारा कारागीर जवळ असता, तर मी तिला प्लॅटिनमच्या कोंदणाकडे वळवलं असतं आणि काकूंची समजूत घालण्यात जास्त वेळ घालवला असता. किनाऱ्यावर राहणाऱ्याने मात्र धातू निवडण्याआधी हे विचारून घ्यावं की कड दबली, माप बदललं, तर हे काम गावात कोण करेल आणि त्याचं नाव काय. नाव सांगता येत नसेल तर तो धातू घेण्याआधी आणखी एकदा विचार करावा.

वेळेबद्दलही सांगायला हवं. श्रावणात काम सुरू झालं म्हणून पितळेचे नमुने, मिश्रणाची पट्टी, दोन वेळची मापं हे सगळं जमलं. गणपतीत कारागीर गावी जातात, दिवाळीआधी भट्टीला उसंत नसते. साखरपुडा पंधरा दिवसांवर असताना आलेल्या माणसाला आम्ही यातलं काहीच देऊ शकत नाही. त्याला कपाटात तयार असलेली अंगठी घ्यावी लागते, आणि तयार अंगठ्या बहुतेक सहा काट्यांच्याच असतात. तशी वेळ आलीच तर साखरपुड्याला साधी वेढणी घालावी आणि खड्याची अंगठी लग्नापर्यंत सावकाश करून घ्यावी. अलीकडे दोन घरांनी आमच्याकडून तसं करून घेतलं आहे.